टोलची वही उघडून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या भागात नदीवर मोठा पूल आणि त्याला जोडणारा चौपदरी रस्ता होणार आहे. सरकारकडे पैसे नाहीत म्हणून टोल लावणार, असं कानावर येतंय. गाडी घेताना रोड टॅक्स भरला, पेट्रोलवर सेस भरतोच, मग वर टोल कशाला? आणि एकदा लागलेला टोल संपतो तरी का? पुढच्या महिन्यात यावर जाहीर सभा आहे. तिथे काय मांडावं?"

रस्त्यापुलांच्या कामात माझी तीस वर्षं गेली. त्यातली बरीचशी बीओटीच्या, म्हणजे 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा'च्या फायलींत गेली. टोलच्या बाजूने आणि विरोधात झालेल्या सभा मी मंचाच्या दोन्ही बाजूंनी पाहिल्यात. 'टोल हवा की नको' यावर सभा रंगते आणि दुसऱ्या दिवशी निविदा जशीच्या तशी निघते. ज्या कागदात तुमचं पुढच्या वीस वर्षांचं देणं ठरतं, त्याबद्दल कोणीच विचारलेलं नसतं. तो कागद म्हणजे प्रकल्पाचा रोख प्रवाह तक्ता, कुठल्या वर्षी किती पैसा येणार आणि किती जाणार याचा हिशेब. मी त्याला टोलची वही म्हणतो. माझं म्हणणं एवढंच, की टोल वाईट किंवा चांगला ठरतो तो त्या वहीत हिशेब कसा लिहिलाय यावरून.

आधी रोड टॅक्स आणि सेसचं बघू. 'आम्ही आधीच भरलंय' हा मुद्दा खोटा नाही. रस्त्यासाठी इंधनावर जादा पैसा घ्यावा, ही कल्पना आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षं जुनी आहे, आणि तिच्यामागे एक मराठी माणूस होता. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. तो पैसा फक्त रस्त्यांसाठीच वापरायचा, हा त्यामागचा विचार होता. पुढे २००० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. २०१८ मध्ये निधीचं नाव बदललं, आणि रस्त्यांशिवाय इतर पायाभूत कामांनाही तो खुला झाला. तुम्ही गाडीवर एकदाच भरता तो वाहन कर तर राज्याच्या तिजोरीत जातो. तिथून तो रस्त्यावर येईल की पगार-पेन्शनवर जाईल, हे दर मार्चमध्ये अर्थसंकल्प ठरवतो. म्हणजे पैसे तुम्ही दिलेत हे खरं, पण ते तुमच्या पुलाच्या नावाने कुठेही जमा नाहीत.

इंधनावरच्या सेसची आणखी एक अडचण आता दिसू लागली आहे. विजेवर चालणारी गाडी सेस भरत नाही. शिवाय राज्याच्या धोरणाप्रमाणे ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर तिला टोलही माफ आहे. जयकरांच्या काळात रस्ता वापरणारा जवळजवळ प्रत्येक मोटारवाला पेट्रोल भरायचाच, म्हणून तो कर न्याय्य होता. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तो तसा राहणार नाही. त्यामुळे 'टोल काढा, सेस वाढवा' ही मागणी टाळ्यांची असली तरी टिकाऊ नाही.

आता टोल म्हणजे मुळात काय? टोल म्हणजे कर्जफेड. कोणीतरी आज पैसे घालतो, पूल उभा राहतो, आणि पुढे वर्षानुवर्षं त्यावरून जाणाऱ्यांकडून मुद्दल आणि व्याज वसूल होतं. ही साधी गोष्ट मनात ठेवली नाही तर टोलचे आकडे नेहमी घोटाळ्यासारखे दिसतात. नेहमीचं उदाहरण मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचं. राज्य रस्ते विकास महामंडळाने तो बांधला. २००४ मध्ये पंधरा वर्षांच्या टोलवसुलीचा हक्क ९१८ कोटी एकरकमी घेऊन खाजगी कंपनीला दिला. मुदत ऑगस्ट २०१९ मध्ये संपली. '९१८ कोटी दिले आणि त्याच्या कितीतरी पट उकळले' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. पण जरा हिशेब मांडून बघा. ९१८ कोटी बारा टक्क्यांनी पंधरा वर्षांच्या समान हप्त्यांत फेडायचे म्हटलं तर वर्षाला साधारण १३५ कोटी लागतात. एकूण रक्कम २,०२० कोटींच्या आसपास जाते. त्यात देखभाल, वसुलीचा खर्च आणि नफा अजून धरलेलाच नाही. घराच्या कर्जावर आपण हेच भरतो आणि बँकेसमोर मोर्चा नेत नाही.

मग आक्षेप कुठे घ्यायचा? पुढच्या पायरीवर. २०१९ नंतर टोल थांबला नाही. २०२० मध्ये ८,२६२ कोटींच्या बोलीवर पुढच्या दहा वर्षांहून अधिक काळासाठी वसुलीचा हक्क पुन्हा दिला गेला, आणि अधिसूचनेप्रमाणे वसुली २०४५ पर्यंत चालू शकते. दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढ ठरलेलीच होती. म्हणून मोटारीचा टोल २७० वरून एप्रिल २०२३ मध्ये ३२० झाला. इथे पैसा वाईट मार्गाने गेला असं मी म्हणत नाही. महामंडळाची इतर कामं आणि कर्जं होती, घाटातली नवी मार्गिका होती. पण पहिल्या दिवशी लोकांना सांगितलं होतं 'या रस्त्याचा खर्च निघेपर्यंत', आणि आता घेतला जातोय तो टोल वेगळ्याच वहीत जमा होतोय. एका रस्त्याच्या टोलमधून दुसरा रस्ता बांधणं हे धोरण असू शकतं. मला ते काही ठिकाणी पटतंही. पण ते आधी सांगून करावं. गुपचूप केलं की लोक टोल भरताना शिव्या देतात, आणि त्या शिव्या नाक्यावरच्या पोराला खाव्या लागतात.

वही चुकीची लिहिली तर काय होतं याचा देशातला सगळ्यात बोलका नमुना दिल्ली–नोएडाला जोडणारा डीएनडी उड्डाणमार्ग आहे. २००१ मध्ये तो सुरू झाला. करारात कंपनीला एकूण खर्चावर वर्षाला वीस टक्के परतावा हमीने द्यायचा होता. एखाद्या वर्षी तेवढा परतावा टोलमधून निघाला नाही, तर कमी पडलेली रक्कम पुन्हा खर्चातच धरायची होती. म्हणजे चक्रवाढ. वीस टक्क्यांनी कुठलीही रक्कम चार वर्षांत दुप्पट होते. अशा वहीत टोल भरत राहा, देणं वाढतच जातं. वाहनं कितीही धावली तरी खर्च वसूल होण्याचा दिवस उजाडत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये तो टोल बंद केला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. करारावर सही झाली त्या दिवशी हे सूत्र कागदावर होतंच. गणित येणाऱ्या कोणालाही ते दिसलं असतं. सभेत विचारलं मात्र कोणीच नव्हतं.

आपल्याकडे राज्याच्या बीओटी कामांत सूत्र वेगळं असायचं. प्रकल्पाची किंमत ठरलेली, टोलचे दर शासनाने ठरवलेले, आणि जो सर्वांत कमी काळ वसुली मागेल त्याला काम. म्हणून करारांत 'अमुक वर्षं, अमुक महिने, अमुक दिवस' अशा विचित्र मुदती दिसतात. ऐकायला हे स्पर्धात्मक वाटतं. खाच अशी, की मुदत एकदा ठरली की वाहतूक दुप्पट झाली तरी ती तेवढीच राहते. वाढीव पैसा उद्योजकाचा. (आमच्या फायलींत ठेकेदाराला 'उद्योजक' म्हणायची पद्धत होती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं.) उलट वाहतूक कमी पडली की तोच उद्योजक मुदतवाढीचा अर्ज घेऊन दारात उभा. नफा त्याचा, तोटा सगळ्यांचा.

म्हणून सगळी मारामारी होते ती वाहनांच्या मोजणीवर. निविदेआधी सात दिवस, चोवीस तास, वाहनांचे वर्ग पाडून गणना करतात. ती कुठल्या महिन्यात केली यावर बरंच काही ठरतं. साखर कारखान्याचा गाळप हंगाम, आठवडी बाजार, जत्रा, सुट्टी, पाऊस, या सगळ्यांनी आकडा हलतो. भर पावसाळ्यात मोजलं की वाहतूक कमी दिसते आणि मुदत लांबते. दिवाळीनंतर मोजलं की उलट. गणनेची तारीख हा प्रकल्पातला पहिला आर्थिक निर्णय असतो, आणि तो बहुधा एखादा कनिष्ठ माणूस घेतो.

मी स्वतः एका चालू नाक्यावर फेरगणनेला बसलो होतो. नाका कुठला आणि कोणाचा ते सोडा, त्याला आता बरीच वर्षं झाली. उद्योजकाचं म्हणणं, वाहनं अपेक्षेपेक्षा कमी येतात, मुदत वाढवा. आम्ही नाक्यापासून थोडं पुढे, रस्त्याच्या कडेला एका बंद ट्रॉलीत बसलो. दोन पोरं, दोन कंदील, आणि छापील तक्ते. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. कार-जीप एका रकान्यात, टेम्पो दुसऱ्यात, दोन आसांचा (ॲक्सलचा) ट्रक, तीन आसांचा, त्याहून जास्त आसांचा, बस. थंडी अशी की पेनातली शाई सरकेना. रात्री दोननंतर गंमत सुरू झाली. दहाचाकी ट्रक खिडकीशी थांबे, ड्रायव्हर नोट पुढे करी, पावती घेऊन निघे. आमचा एक पोरगा चहाच्या निमित्ताने पुढच्या ढाब्यावर गेला आणि चार-पाच ड्रायव्हरांकडून पावत्या बघून आला. पावती टेम्पोची. ड्रायव्हरने ट्रकपेक्षा कमी दिले, खिडकीतल्याने टेम्पोपेक्षा जास्त घेतले, आणि मधला फरक दोघांच्या खिशात. सातव्या दिवशी आमचे तक्ते आणि नाक्याचं रजिस्टर समोरासमोर ठेवलं. वाहनांचा एकूण आकडा जवळजवळ जुळला. वर्गवारी मात्र कुठेच जुळेना. मालकाला हे ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण त्या रजिस्टरवरच त्याने मुदतवाढ मागितली होती, आणि आम्ही त्या ट्रॉलीत बसलो नसतो तर कदाचित ती मिळालीही असती.

फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर राष्ट्रीय महामार्गांवर ही असली चोरी अवघड झाली. गाडीचा वर्ग टॅगमध्येच असतो आणि पैसे थेट खात्यात जातात. पण एक गोष्ट अजून तशीच आहे. कुठल्या नाक्यावर काल किती जमले, हे यंत्राला ठाऊक असतं, बँकेला ठाऊक असतं, उद्योजकाला ठाऊक असतं. पैसे भरणाऱ्याला कोणी सांगत नाही.

आता तुमच्या पुलाकडे येऊ. तुमचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून मी काही गृहीत धरतो. तुम्ही खरे घालून बघा. समजा पूल आणि जोडरस्ता मिळून ६० कोटी. दहा टक्क्यांनी पंधरा वर्षांत फेडायचे म्हणजे वर्षाला सुमारे ७ कोटी ९० लाख. नाक्यावरची माणसं, तीन पाळ्या, वीज, यंत्रं आणि पुलाची देखभाल यासाठी दोन कोटी धरा. एकूण जवळपास दहा कोटी, म्हणजे दिवसाला पावणेतीन लाख रुपये जमायला हवेत. दिवसाला २५,००० वाहनं जात असतील तर सरासरी अकरा रुपयांत भागतं, कोणाला जाणवणारही नाही. पण ४,००० वाहनंच असतील, तर प्रत्येकाकडून सरासरी ६८ रुपये घ्यावे लागतील, तेही रोज, जाता-येता प्रत्येक वेळी. तेवढ्यासाठी लोक जुन्या अरुंद पुलावरून किंवा दहा किलोमीटर वळसा घालून जातील, वाहनं आणखी घटतील, दर आणखी वाढवावा लागेल. छोट्या पुलांवरचे टोल असेच मरतात. त्यांना आंदोलन मारत नाही, हे गणितच मारतं.

आता यात पुढाऱ्याचं आवडतं आश्वासन घाला: 'आपल्या मोटारींना माफी.' ४,००० पैकी साठ टक्के मोटारी असतील तर उरलेल्या १,६०० वाहनांवर सरासरी १७१ रुपये बसतात. ते शक्य नसतं, म्हणून दर तोच ठेवतात आणि फरक सरकार भरतं. कुठून? अर्थसंकल्पातून. म्हणजे ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही त्याच्याकडूनही.

हे हवेतलं बोलणं नाही. जून २०१५ पासून राज्याने बारा टोलनाके बंद केले आणि आणखी ५३ नाक्यांवर मोटारी, जीप आणि एसटीला माफी दिली. करार तर चालूच होते, त्यामुळे उद्योजकांना भरपाई देणं आलं. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर, म्हणजे वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर इथे, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. विधानसभेचं मतदान महिन्याभरावर होतं. मोटारीला ४५ रुपये पडायचे. तो टोल मुळात मुंबईतल्या ५५ उड्डाणपुलांच्या खर्चासाठी होता. माफीने रांगा गेल्या हे चांगलंच झालं, मी स्वतः त्या रांगांत आयुष्याचे किती तास घालवलेत ते देव जाणे. पण 'टोल रद्द' आणि 'टोल दुसऱ्याने भरला' या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे दुसरी करून पहिली केल्याचं सांगतात.

शिवाय रस्ता खराब कोण करतं? १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमध्ये रस्त्यांची मोठी प्रत्यक्ष चाचणी झाली. तिच्यातून निघालेला नियम आजही आमच्या आखणीचा पाया आहे: आसावरचं वजन वाढलं की रस्त्याची झीज साधारण त्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. आपल्याकडे प्रमाण आस ८.१६ टनांचा धरतात. मोटारीच्या आसावर ७०० किलो धरलं, तर एका प्रमाण आसाइतकी झीज व्हायला मोटारीचे अठरा हजारांहून जास्त आस जावे लागतात. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या नियमांत मूळ दर होते मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे आणि ट्रकला २ रुपये २० पैसे. फरक साडेतीन पटींच्याही आत. २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. ऐकायला सव्वा टनाचीच वाढ, पण चौथ्या घाताने बघा: झीज १.६ पट. त्या दिवशी राज्यातल्या प्रत्येक डांबरी रस्त्याचं आयुष्य कागदावर कमी झालं आणि कुठल्याही टोलच्या वहीत त्याची नोंद नाही.

ट्रकवाल्यांवर मी उठलोय असं समजू नका. टोल शेवटी भाजीच्या आणि सिमेंटच्या भावात येतोच. आणि मोटारी रस्ता झिजवत नसल्या तरी जागा खातात. चौपदरीचा सहापदरी होतो तो बहुतेक त्यांच्यामुळेच. मुद्दा एवढाच, की माफी कोणाला द्यायची हे ठरवताना झीज, जागा, पैसे देण्याची ऐपत, असं काहीतरी मोजमाप हवं. मतदारयादी हे मोजमाप नव्हे.

कोल्हापूरचं काय, असं तुमच्या सभेत कोणीतरी विचारेलच. तिथे शहरातल्या जवळपास ५० किलोमीटर रस्त्यांचं काम २२० कोटींना बीओटीवर दिलं होतं, तीस वर्षांच्या वसुलीवर. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं रस्त्यावर उतरली, जानेवारी २०१४ मध्ये नाके जळले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. माझ्या दृष्टीने तिथली मूळ चूक राजकीय नव्हती. टोलला दुसरा रस्ता असावा लागतो. दूध आणायला, शाळेत पोर सोडायला गावातल्या गावात जाताना नाका लागत असेल, तर त्याला टोल म्हणत नाहीत, तो घरपट्टीचाच एक भाग झाला. तुमच्या पुलाच्या दोन्ही तीरांवर एकाच गावाची वस्ती असेल तर हा मुद्दा पहिला मांडा.

पुलाच्या बाबतीत आणखी एक खाच सांगतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. राष्ट्रीय महामार्गांवर टोल लांबीवर लावतात, पण पूल, बोगदा, उड्डाणमार्ग यांची लांबी दहापट धरायचा नियम होता. एक किलोमीटरचा पूल टोलच्या हिशेबात दहा किलोमीटर. जुलै २०२५ मध्ये त्यात बदल झाला. आता बांधकामाची लांबी दहापट करून त्यात उरलेला रस्ता मिळवायचा, किंवा सगळ्या भागाची लांबी पाचपट करायची, आणि यातला जो आकडा कमी येईल तो धरायचा. चाळीस किलोमीटरचा अख्खा भाग पुलांवरच असेल तर पूर्वी ४०० किलोमीटरचा टोल लागायचा, आता २०० चा. हा नियम राज्याच्या रस्त्यांना आपोआप लागू होत नाही. राज्याचा पथकर, म्हणजे टोल, राज्याच्या मोटार वाहन कर कायद्याखालच्या अधिसूचनेने लागतो आणि दर तिच्यातच असतात. म्हणूनच ऑगस्ट २०२५ पासून निघालेला वार्षिक फास्टॅग पास द्रुतगती मार्गावर, समृद्धीवर किंवा अटल सेतूवर चालत नाही. तुमचा पूल कोणाच्या मालकीचा असणार, राष्ट्रीय महामार्गाचा की राज्याचा, हे आधी विचारून घ्या. निम्मी उत्तरं त्यावर बदलतात.

टोलला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती मला फार टोचते. टोल जिथे वाहनं आहेत तिथेच रस्ता बांधू शकतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या त्यात गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे पैसा आणि यंत्रणा नव्हती असं नाही. त्या जुन्या पुलाच्या कमानी आधी वेळेवर, नीट तपासायला कोणाचा पैसा राखून ठेवलेला नव्हता. असे जुने पूल राज्यभर आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर नाका बसवण्याएवढी रहदारी नाही आणि कधी होणारही नाही. त्यांची तपासणी, डागडुजी सरकारी तिजोरीतूनच व्हायला हवी. तुमच्या नव्या पुलाला टोल लावून जो सरकारी पैसा वाचेल, तो याच जुन्या पुलांसाठी राखून ठेवणार असाल तर आमची हरकत नाही, असं सभेत म्हणता येईल. असा सौदा आजवर कोणी मागितलेला मी ऐकला नाही.

टोल न लावता खाजगी पैसा घेण्याचीही वाट आहे. राज्याने हायब्रिड ॲन्युइटीवर हजारो किलोमीटरचे रस्ते दिले. त्यात बांधकामाच्या काळात साठ टक्के सरकार देतं, उरलेले चाळीस ठेकेदार घालतो आणि पुढच्या दहा वर्षांत हप्त्यांनी परत घेतो. नाका नाही, रांग नाही. पण हप्ते तर आहेत, आणि पुढच्या दहा अर्थसंकल्पांवर त्यांचं ओझं आजच पडलेलं आहे. वाहनं कमी असतील तर मी हीच पद्धत सुचवेन. वाहनं भरपूर असतील, त्यातली बरीच बाहेरून येऊन बाहेर जाणारी असतील आणि दुसरा रस्ता चालू राहणार असेल, तर टोल. मात्र मुदतीवर संपणारा टोल नको. रक्कम वसूल झाली की संपणारा हवा. चिलीने १९९८ मध्ये सँतियागो–वालपाराइसो महामार्ग असा दिला: जो कंत्राटदार एकूण सर्वांत कमी वसुली मागेल, आजच्या किमतीत मोजून, त्याला काम. वाहनं जास्त आली तर टोल लवकर संपतो, कमी आली तर लांबतो. मोजणीत लबाडी करून मुदत वाढवून मागायचं कारणच उरत नाही. माझ्या ट्रॉलीतल्या त्या सात रात्रींची गरजच पडली नसती.

आणि रस्ता खराब असेल तर टोल थांबायला हवा, हे करारातच लिहून घ्या. केरळातल्या पालियेक्करा नाक्याचा टोल उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्थगित केला. कामांमुळे वाहनं तासन्‌तास अडकत होती. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. दर वेळी न्यायालयात जाण्यापेक्षा करारात एक कलम असणं स्वस्त पडतं.

सभेत बोलायला उभे राहाल तेव्हा 'टोल नको' एवढ्यावर थांबू नका. वाहनगणना कुठल्या महिन्यात केली, व्याजाचा दर किती धरला, कमी पडलेली रक्कम मुद्दलात मिळवणार का, दरवाढ कुठल्या सूत्राने, माफी दिली तर भरपाई कुठल्या खात्यातून, आणि वसूल झालेली एकूण रक्कम दर महिन्याला नाक्यावरच्या फलकावर लिहिणार का, हे विचारा. यातलं बहुतेक सगळं रोख प्रवाह तक्त्यात आणि वाहतूक अहवालात असतं. माहिती अधिकारात त्याच्या प्रती मागता येतात. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. सभा पुढच्या महिन्यात आहे म्हणालात, तेव्हा अर्ज आजच टाका.